मशीनखालचे पाय

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. त्यातली चाळीस मी नवऱ्याचं तोंड कमी बघितलं आणि पाय जास्त. खोटं नाही सांगत. आमचे हे शिंपी. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून पायमशीन, मशीनवर हे, आणि मशीनच्या डाव्या अंगाला बुटक्या स्टुलावर मी. हे शिवायचे, मी काजं करायची, बटणं लावायची, पँटच्या तळाला हातशिलाई घालायची. हे उंचावर, मी खाली. सुईवरून नजर काढली की समोर लोखंडी पायडल आणि त्यावर दोन अनवाणी पाय.

अनवाणीच. पायात काही घालून ह्यांना मशीन चालवता यायचं नाही. "चप्पल घातली की पायडल कळत नाही," म्हणायचे. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. डाव्या घोट्याजवळ मसुराएवढा तीळ. टाच खाली गेली की चवडा वर, चवडा खाली गेला की टाच वर, सकाळी नऊपासून दिवे लागेपर्यंत. पायांवरून मला ह्यांचा मूडसुद्धा कळायचा. सरळ शिवण असली की पाय एका लयीत. कॉलर असली की थबकत थबकत. आणि कुणी गिऱ्हाइकाने अर्ध्या बाहीचं कापड आणून पूर्ण बाहीचा शर्ट मागितला असेल, तर पायडल असं दणादण वाजायचं की मी सुई टोचून ठेवून पाणी आणायला उठायची.

पायाला कुठे टाचणी लागली, कुठे भेग पडली, तर ह्यांच्या आधी मला दिसायचं. "अहो, टाचेला रक्त आलंय."

"असू दे," वरून आवाज यायचा.

"असू दे काय? तुम्हाला साखरेचा आजार आहे, कळतं का?" मग मीच उठून मलम लावायची, आणि लावताना तोंड चालू. मला सगळे तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. ह्या घरात बोलणारं कुणीतरी हवंच होतं, कारण ह्यांच्या तोंडात दिवसभर टाचण्या.

आजार लागून बारा वर्षं झाली होती. गोळी एकच, सकाळची. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, आणि दर वेळी आमचे म्हातारे डॉक्टर म्हणायचे, "मास्तर, तुमची साखर गुणाची आहे." ह्यांचा थोरला भाऊ मात्र ह्याच आजाराने गेला. तेही शिंपीच, पण कपड्यांच्या कारखान्यात, विजेच्या मशीनवर. आधी अंगठा काळा पडला, मग पाय गुडघ्याखालून काढला, मग दोन वर्षांत माणूसच गेला. दवाखान्यात त्यांच्या अंगावरची चादर एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला सपाट होती. ती सपाट चादर बघितली त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा. ह्यांचा पाय जाता कामा नये. बाकी काहीही होवो.

गेल्याच्या गेल्या वर्षी म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. हुशार, हसऱ्या, नावं ठेवायला जागा नाही. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा नर्सने एक लांबलचक फॉर्म काढला.

"दिवसातून किती तास बसता, आजोबा?"

"बारा," हे छाती काढून म्हणाले. "शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशांची घाई असते. तेव्हा चौदा."

नर्सचं पेन थांबलं. "बारा तास? बसून?"

"मग काय उभ्याने शिवू?"

"व्यायाम?"

"नाही."

"चालणं?"

"दुकानापर्यंत."

"दुकान किती लांब आहे?"

"पलंगापासून आठ पावलं."

मी फिस्सकन हसले. नर्स हसली नाही. तिने 'बैठं काम' ह्या शब्दांखाली लाल रेघ ओढली आणि कागद आत पाठवला. आत डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, अगदी आपलं माणूस सांगतं तसं. म्हणाल्या, "आजोबा, स्नायू हलले की ते रक्तातली साखर खातात. माणूस बसून राहिला की तेही झोपतात. ह्या वयात फार वेळ बसणं चांगलं नाही. आज रिपोर्ट बरे आहेत, पण असेच बारा-बारा तास बसलात तर किती दिवस बरे राहतील? दर अर्ध्या तासाने उठायचं. रोज चालायचं."

हे "बरं, बरं" म्हणत राहिले. बाहेर आल्यावर विसरले. मी नाही विसरले. ती लाल रेघ माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

घरी आल्याबरोबर मी गजराचं घड्याळ मशीनवर ठेवलं. दर अर्ध्या तासाला ठणाणा. हे उठायचे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, आणि माझी पाठ वळली की पुन्हा खुर्चीत. तिसऱ्या दिवशी घड्याळ कापडाच्या ढिगाखाली सापडलं. सेल काढलेलं.

"लहान आहात का तुम्ही?"

"शिवण मध्येच तुटते गं. बाही वाकडी लागली बघ काल."

"बाही लागू दे वाकडी. पाय शाबूत राहू दे."

समोरच्या इमारतीत एक निवृत्त कारकून राहतात. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे. भेटले की आधी आकडा सांगणार, मग 'कसं काय'. सगळी गल्ली त्यांना 'दहा हजार' म्हणते, आणि त्यांना ते आवडतं. ते मला म्हणाले, "वहिनी, बसणं म्हणजे थोडं थोडं मरणंच." आमच्या पायरीवर तासभर ठाण मांडून बसल्यावर म्हणाले, पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. मला फक्त शब्द ऐकू आले.

मुलगी दुसऱ्या गावात नोकरी करते. तिला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, ते मशीनच घालव. मशीन आहे तोवर बाबा उठणार नाहीत. आता कशाला शिवायचं? मी आहे ना."

झालं. माझ्या मनात होतं तेच ती बोलली.

त्या संध्याकाळी आमचं मोठं भांडण झालं. म्हणजे मी भांडले, हे ऐकत होते.

"मशीन गेलं तर मी दिवसभर करू काय?"

"चाला."

"कुठे?"

"कुठेही! लोक चालतात तसे."

"काही काम नसताना?" ह्यांना खरंच कळत नव्हतं. हातात पिशवी नाही, कुणाकडे जायचं नाही, आणि माणूस रस्त्याने चाललाय, हे ह्यांच्या डोक्यात बसेना. मग जरा थांबून म्हणाले, "अगं, माझे पाय चालतातच की दिवसभर."

"चालतात कसले? बसल्या जागी चाळे नुसते!" मी ओरडले. "थोरल्यांचं काय झालं ते विसरलात? उद्या तुमचा पाय काढला तर तुम्हाला उचलणार कोण? मी? माझी कंबर बघितलीत का?"

हे गप्प झाले. भावाचा विषय काढला की हे गप्प व्हायचे, आणि ते मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच काढला.

कोपऱ्यावर तेव्हा चहाचं नवं दुकान निघालं होतं. त्या दुकानदाराला जुन्या मशीनचे खालचे लोखंडी सांगाडे हवे होते, वर दगडी फरशी टाकून टेबलं करायला. हल्ली म्हणे तशी फॅशन आहे. मी होय म्हटलं. वरचं मशीन ह्यांनी स्वतः सोडवलं, एकेक स्क्रू काढून. तेल घातलं, पुसलं, अस्तराच्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. दोन माणसांनी सांगाडा उचलला. दारातून वळवताना चाक फिरलं आणि पायडल आपोआप वर-खाली झालं. हे तिकडे पाठ करून खिडकीशी बसले होते. बसले म्हणून मी त्यावरूनही बोलले.

आठवड्याने मुलीने बूट पाठवले. पांढरे, जाड तळाचे, नाड्यांचे. ह्यांनी एक बूट हातात घेऊन उलटा केला. "आतून कसं शिवलंय ते बघू दे."

"पुरे आता शिंपीपणा," मी म्हटलं, बूट हातातून काढून घेतला, ह्यांच्या पायात चढवला आणि नाड्या आवळून बांधल्या.

पहिले दहा-बारा दिवस सकाळी दहा हजारांबरोबर जायचे. दहा हजार पुढे, हे मागे, रस्ता दुसऱ्याचा असल्यासारखे अंग चोरून. मी खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, जिंकले. मग एकदा दूध आणायला गेले तर हे बागेच्या कोपऱ्यात बाकावर. दहा हजारांची पाचवी फेरी चालली होती, आणि हे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे शर्ट बघत होते. मला बघून दचकले. "त्या माणसाचा खांदा उतरलाय बघ," म्हणाले. "माप घेताना चुकलंय."

मग काय? पुन्हा भांडण. मग भांडणाला कंटाळून तासभर बाहेर जाऊन यायचे आणि आल्यावर खुर्चीत. खिडकीजवळ मशीनची जागा रिकामी होती, तिथे मी आरामखुर्ची ठेवली होती. मऊ, हात टेकवायला जागा असलेली. माझं डोकं बघा. मशीनची खुर्ची काढली बसू नये म्हणून, आणि तिथे त्याहून चांगली बसायची सोय केली. सकाळी बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. हात मांडीवर, पाय जमिनीवर, दोन्ही गप्प. मी कितीदा विचारलं, "काय विचार करताय?" तर म्हणायचे, "काही नाही."

तीन महिन्यांनी साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी दुसरी गोळी दिली. आणखी तीन महिन्यांनी इंजेक्शन. मला वाटलं, हा माणूस चोरून गोड खातोय. दुसरं काय असणार? मी डबे उंचावर ठेवले. चहात साखर नव्हतीच, दूधही कमी केलं. धुवायला टाकलेल्या पँटचे खिसे उलटे करून बघितले. खिशात काय सापडलं माहितीये? माप काढायचा खडू. झिजून नखाएवढा झालेला. मी तो बादलीपाशी उभी राहून कितीतरी वेळ हातात धरला होता, आणि तरीही संध्याकाळी विचारलंच, "खरं सांगा, बाहेर काय खाता?"

"काही नाही गं," हे म्हणाले. ते खरंच होतं.

आणि पाय? ते मोज्यांत. घरात थंडी, म्हणून मीच जाड मोजे घालायला लावले होते. मी आता स्टुलावर बसत नव्हते. काजं नव्हती, बटणं नव्हती, खाली बसायचं कारणच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्या तोंडासमोर खुर्ची ओढून बसत होते, तोंडाकडे बघत होते, आणि तोंडाशी भांडत होते. पाय कसे आहेत हे मी किती दिवसांत बघितलं नव्हतं ते मला आजही आठवत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय.

मग घरात वास यायला लागला. मला वाटलं उंदीर मेलाय. मी कपाट हलवलं, पलंग हलवला, खिडकीखालची लाकडी पेटी रिकामी केली. हे खुर्चीतून बघत होते. "मदत करू का?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी खुर्चीखालून केर काढायला वाकले आणि वास नाकात गेला. उजव्या मोज्यातून येत होता.

मोजा निघेना. चिकटला होता. पाण्याने भिजवून काढला तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं, मध्ये खोल जखम. माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या तोंडून!

"अहो, दुखत नाही?"

"काय?"

"हे! पाय!"

हे वाकून बघायला लागले, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसे. "हे कधी झालं?" असं त्यांनी मला विचारलं.

दहा हजार गाडी आणायला धावले. गाडी येईपर्यंत हे म्हणाले, "तो बूट दे इकडे." उजवा बूट घेतला, आत हात घातला, अंगठा फिरवत फिरवत करंगळीच्या जागी आणला. तिथे अस्तर जोडलेलं होतं, आणि दोऱ्याची गाठ आतल्या बाजूला राहिली होती. टणक, ज्वारीच्या दाण्याएवढी. चाळीस वर्षं ज्या बोटाने हा माणूस लोकांच्या कपड्यांच्या आतल्या शिवणी तपासत आला, त्या बोटाला ती एका क्षणात लागली. पायाला सहा महिन्यांत लागली नव्हती.

"कच्चं काम," हे म्हणाले. "गाठ आत ठेवलीय. असं कुणी शिवतं का?" आणि बूट नीट खाली ठेवला. राग होता तो फक्त त्या शिवणाऱ्यावर.

दोन बोटं काढली. सुट्टी घेऊन मुलगी आली, रडली, बूट कचऱ्यात टाकून आली, आठ दिवसांनी परत गेली. जखम भरायला हवी होती, ती भरेना. चार आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. हसल्या नाहीत.

"सोमवारी मोठे सर्जन येणार आहेत," त्या म्हणाल्या. "पायात हालचाल असेल, रक्त खालपर्यंत पोचत असेल, तर ते थांबतील. नाहीतर गुडघ्याखालून काढायचा म्हणतील. मी तुमच्यापासून लपवत नाही."

ह्यांनी मान हलवली. मला चादर दिसली, एका बाजूला सपाट.

"तोवर एक करा. पायावर उभं राहायचं नाही, भार टाकायचा नाही. पण खुर्चीत बसूनच, तळवा टेकून, घोट्यातून पाय हलवायचा. टाच वर, टाच खाली. असं." त्यांनी टेबलाच्या बाजूला येऊन स्वतःचा पाय हलवून दाखवला. "पोटरीत एक स्नायू आहे. माणूस बसलेला असला तरी तो चालू ठेवला, तर बरीच साखर ओढून घेतो. रक्तही वर-खाली फिरतं. अर्धा तास जमलं तरी खूप झालं."

हे हसले. आजारपणात पहिल्यांदा. "अर्धा तास? बाई, मी हे बारा तास करायचो."

"काय करायचात?"

"हेच की. टाच वर, टाच खाली. पायमशीन."

डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या पायांकडे बघितलं, मग कागद मागे उलटत पहिल्या फॉर्मपर्यंत गेल्या. लाल रेघ मला माझ्या जागेवरून दिसली. "इथे तर बैठं काम लिहिलंय."

"बसूनच करतात ते," हे म्हणाले.

"मला वाटलं विजेचं मशीन असेल." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पायाने चालवायचं मशीन मी कधी चालताना बघितलेलंच नाही, आजोबा. फॉर्मवर तो प्रश्न नाही. मी विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, "म्हणजे मशीन बंद केलं म्हणून हे झालं?"

"असं नाही म्हणता येत, आजी. आजार जुना आहे. कदाचित झालंच असतं."

"आणि कदाचित नसतं झालं?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. कागद जुळवत राहिल्या.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि सरळ म्हटलं, "तुमचा पाय मी खाल्ला."

"वेडी का तू? तुला काय माहीत होतं?"

"तुम्ही सांगितलं होतं. पाय चालतातच दिवसभर, म्हणाला होतात. मी म्हटलं चाळे."

"मला तरी कुठे माहीत होतं?" हे म्हणाले. "मशीन जाऊ नये म्हणून आपलं काहीतरी बोललो." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बेचाळीस वर्षांत ह्या माणसाने मला एकदा कडक शब्दात झापायला हवं होतं, तर ते त्या दिवशी. चार शिव्या घातल्या असत्या तरी मी रात्री झोपले असते.

खुर्चीतला व्यायाम काही जमेना. पाच-सहा वेळा टाच उचलायचे, मग पाय विसरूनच जायचे. मी ओरडत नव्हते. माझा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. हळूच म्हणायची, "अहो, पाय." तर म्हणायचे, "हो गं. पण हातात कापड नाही, समोर सुई नाही. पायाला कळतच नाही की चालायचंय."

तेव्हा मला सुचलं. वरचं मशीन कपाटात आहेच, खालचा सांगाडा कोपऱ्यावर आहे. परत आणायचा. सोमवारच्या आत.

शनिवारी दुपारी दहा हजारांनी कुठून तरी चाकाची खुर्ची आणली आणि स्वतःच ढकलली. वाटेत एकही आकडा सांगितला नाही. चहाच्या दुकानात चार टेबलं होती, चारही जुन्या मशीनच्या सांगाड्यांवर. आमचं कुठलं ते मी दारातूनच ओळखलं. पायडलचा डावा कोपरा फुटला होता, तो पायाला लागू नये म्हणून मी कधीकाळी त्याला निळी चिंधी बांधली होती. गाठ बाहेरच्या बाजूला. ती तशीच होती.

ह्यांना त्या टेबलाशी बसवून मी दुकानदाराकडे गेले. हात जोडले. मी, जिने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही. "आमचा सांगाडा परत द्या. ह्यांच्या पायाला हवाय."

भला माणूस होता. चेहरा पडला त्याचा. "आजी, न्या की. पण तो चालणार नाही. गिऱ्हाइकांचे पाय अडकायचे, कपडे काळे व्हायचे. चाक काढून टाकलं आणि पायडल वेल्ड करून घेतलं. चारही टेबलांचं."

"चाक कुठंय?"

"भंगारात गेलं. केव्हाच."

मी परत आले. ह्यांनी तोवर दोन्ही हात दगडी फरशीवर पसरले होते आणि डावा हात हळूहळू पुढे सरकत होता, कापड सरकवावं तसा. चेहऱ्यावर कधी नव्हे तो उजेड. "सँडल काढ गं," म्हणाले. मी खाली बसून दवाखान्याने दिलेला पट्ट्यांचा सँडल काढला, दुसऱ्या पायातली चप्पल काढली आणि दोन्ही पाय उचलून पायडलवर ठेवले. उजव्याची पट्टी नीट केली.

"घट्ट झालंय," वरून आवाज आला. "तेल घातलं नसेल कुणी."

"हो," मी म्हटलं. "तेल नाही घातलं."

"असू दे. सुटेल हळूहळू."

मी तिथेच फरशीवर बसून राहिले. दुकानातले लोक बघत होते, बघू देत. टेबलाचा दगड मध्ये होता, ह्यांना खालचं काही दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं, नेहमीसारखं. तिळाचा पाय चालायला लागला. टाच वर, टाच खाली. पायडल जागचं हललं नाही, पण पाय चालला, जुन्या लयीत, सरळ शिवणीच्या. आणि उजवा तसाच. लांब बोटाचा, पट्टीचा. मी वाट बघितली. पोटरीवर हात ठेवून बघितला. तिथे काहीच हलत नव्हतं.

"दोन्ही चालतायत ना गं?" ह्यांनी विचारलं.

मी आयुष्यभर ह्यांना खरं तोंडावर सांगत आले. टाचेला रक्त आलंय, बाही वाकडी आहे, तुम्ही आळशी आहात.

"हो," मी खालून म्हटलं. "दोन्ही चालतायत."

"मग झालं तर," हे म्हणाले.

मी उजव्या टाचेखाली हात घातला. ती उचलली, खाली ठेवली, उचलली, खाली ठेवली, डाव्या पायाच्या जोडीने. त्यांना काही कळलं नाही.